निळा वाडगा

वाडगा निळा होता, आणि तो कुणी मागितलेला नव्हता. बतूलचा नवरा द्रिस आणि त्याचा धाकटा भाऊ अब्दनबी शुक्रवारची नमाज आटोपून आले होते, वाफवलेल्या रव्याच्या कुसकुसची मातीची परात वाफा सोडत सगळ्यांच्या मधोमध बसली होती, आणि बतूलच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या शामाने, तिच्या सहा वर्षांच्या लेकीने, जन्मात पहिल्यांदा आपल्या हाताने परातीतून चिमूटभर कुसकुस उचललं होतं. तळहातावर गोल गोल फिरवत तिने त्याचा लाडू वळला. वाकडातिकडा, अर्धाअधिक सांडलेला, पण लाडूच. तो तोंडात जाईपर्यंत बतूलने श्वास रोखून धरला होता, आणि तो आत गेल्यावर तिला मोठ्याने हसावंसं वाटलं होतं. दुसऱ्या घासासाठी पोरीचा हात परातीकडे निघाला तशा सासूबाई, लाल्ला रकिया, गुडघ्यावर हात टेकून उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, निळा वाडगा घेऊन आल्या. त्यांनी त्यात थोडं कुसकुस घातलं, भोपळ्याची फोड घातली, चार हरभरे घातले आणि वाडगा शामापुढे ठेवला. "हं, यातलं खा, बाळा," म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तिरस्कारही नव्हता, उलट भोपळ्याची फोड चांगली मोठी निवडून घातली होती. शामाचा हात परातीच्या काठाशी थांबला. तो डावा हात होता.

द्रिस दिवसभर टॅक्सी हाकतो, रस्त्यात कुणी आडवं आलं तर त्याच्या सात पिढ्या काढतो, पण आईपुढे त्याची जीभ टाळूला चिकटते. तो सलगमाच्या फोडीकडे टक लावून बसला. अब्दनबीने पाव मोडला. बतूलच्या अंगात मात्र पायापासून डोक्यापर्यंत काहीतरी गरम चढत गेलं, आणि त्या गरमीतही तिला दिसत राहिला तो शामाचा उजवा हात, जो नेहमीप्रमाणे छातीशी दुमडलेला होता, अंगठा आत घेऊन मूठ मिटलेली. सातव्या महिन्यात जन्मलेली पोर, उजवी बाजू जन्मापासूनच लुळी. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ही मूठ पूर्ण कधी उघडेल असं समजू नका. लाल्ला रकियांनी ते ऐकूनही ऐकलं नव्हतं. सहा वर्षं त्या रोज दुपारी कोमट ऑलिव्ह तेलाने ती मूठ चोळत होत्या, एकेक बोट सोडवत होत्या, आणि सोडवलेलं बोट पुन्हा मिटायचं, त्या पुन्हा सोडवायच्या. या बाईवर नुसतं चिडून भागत नाही, हीच बतूलची अडचण होती. दुष्ट सासू असती तर काम सोपं झालं असतं.

आणि वाडग्याला खरं आमंत्रण दिलं होतं ते बतूलनेच. आठवलं की तिला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटे. दोन आठवड्यांपूर्वी शामा संडासात एकटी गेली होती, एकटीने बसली होती, एकटीने स्वतःला धुतलं होतं, आणि दाराबाहेर उभी राहून ऐकणाऱ्या बतूलला इतका आनंद झाला होता की ती तशीच ओल्या पायांनी धावत दिवाणखान्यात गेली आणि सगळ्यांपुढे ओरडली होती, "शामा स्वतःची स्वतः धुते आता! आपल्या हाताने!" त्या वेळी सगळे हसले होते. लाल्ला रकियांनी अल्लाचे आभार मानले होते. पण म्हातारीच्या डोक्यात तेव्हाच हिशेब झाला असणार, पोरीला हात एकच आहे, आणि आता तो हात कुठला झाला ते सगळ्या घराला ठाऊक आहे. बतूल मात्र नाचत होती. ज्या हाताने परातीत जेवायचं, त्या हाताचं नाव तिने आपल्याच तोंडाने खराब करून ठेवलं होतं.

भांडी घासताना तिने विचारलंच. "लाल्ला, वाडगा कशाला?"

"भांडं हळू आपट, तडकेल."

"कशाला, ते सांगा."

लाल्ला रकियांनी हात पुसले. "तुला वाटतंय मला पोरीची किळस आली. तिचे लंगोट मी धुतलेत, बतूल. तू कामावर जायचीस तेव्हा मीच धुतलेत. पण उद्या ती दुसऱ्या कुणाच्या घरी जाईल, तिथे लग्न असेल, बारसं असेल, लोक परातीभोवती बसलेले असतील आणि ही डावा हात घालेल. ते वाडगा देणार नाहीत. ते आपापले हात मागे घेतील, आणि सगळी परात हिच्या एकटीपुढे राहील. ते तिने बघण्यापेक्षा वाडगा बरा. आणि तो माझ्या हातून मिळालेला बरा."

"आणि तिने काय समजायचं? की आपण घाण आहोत?"

"मी तसं कुठे म्हटलं?"

"म्हणायला कशाला हवं?" बतूल म्हणाली, आणि परात इतकी घासली की तळाची जुनी नक्षी पांढरी पडली. म्हातारीने सांगितलेली परात तिला डोळ्यांपुढे स्पष्ट दिसत होती, भोवतीचे मागे सरलेले हातही दिसत होते.

सोमवारी कळलं की वाडग्याने काय केलं. सकाळी पाव आणि मध पुढे ठेवला तर शामाने हात मांडीखाली घातला आणि तोंड उघडलं. चिमणीच्या पिलासारखं तोंड उघडून बसण्याची सवय मोडायला बतूलला सबंध वर्ष लागलं होतं, आणि ती सवय एका शुक्रवारात परत आली होती. "तू भरव," शामा म्हणाली. दुपारी संडासातून हाक आली, "यिम्मा, ये, धू मला." बतूल दाराशी गेली. "तुला येतं की, शामा." "नाही येत." "परवा तर केलंस." "मला नको तो हात घाण करायला," शामा म्हणाली, आणि ती रडत नव्हती, अगदी समजुतीने, मोठ्या माणसासारखं सांगत होती. जुलैच्या सुरुवातीला शाळेच्या मुख्याध्यापिकेने स्वच्छ सांगितलं होतं, "सप्टेंबरात आणा, माझी काही हरकत नाही. पण हातापायाला काही असो नसो, स्वतःचं स्वतः खाता आलं पाहिजे आणि संडासला एकटं जाता आलं पाहिजे. बत्तीस पोरांमागे आमची एक बाई आहे, ती कुणाकुणाचं करणार?" त्या वेळी बतूलने छाती पुढे काढून म्हटलं होतं, येतं तिला सगळं. आता सप्टेंबरला सहा आठवडे उरले होते आणि पोरीला काहीच येत नव्हतं, कारण तिला यायला नको होतं.

बतूल घरीच जेलाबांच्या रेशमी गुंड्या करते, म्हणजे गळ्यापासून पायापर्यंतच्या त्या लांब अंगरख्यांवर ओळीने बसणाऱ्या छोट्या गाठी. एका अंगरख्याला दीडशे लागतात. सुई आणि रेशीम, रेशीम आणि सुई, आणि डोकं मोकळं. त्या आठवड्यात तिच्या मोकळ्या डोक्यात एकच बाही येत राहिली. आसफी शहरातल्या माहेरच्या घरात, ती स्वतः पाच वर्षांची असताना, तिच्या आईने तिच्या डाव्या बाहीचं तोंड शिवून टाकलं होतं. मारलं नव्हतं, रागावली नव्हती. रोज सकाळी आई तिला तो अंगरखा घालायची, डावा हात बाहीत जायचा आणि आत अंधारात मुठीएवढ्या जागेत अडकून पडायचा. बाहीच्या आत बोटांना घाम यायचा, त्या घामाचा आंबट वास अजून तिला कुठेही ओळखता आला असता. तीन महिन्यांनी बाही उसवली तेव्हा ती उजव्या हाताने लिहायला, जेवायला, दार लावायला शिकली होती. पण गुंड्या शिकवणाऱ्या बाईकडे गेली आणि सुई हातात घेतली, तर सुई आपसूक डाव्या हातात गेली. ती घाबरून बाईंकडे बघत राहिली होती. बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या होत्या, "गाठ कुठल्या हाताने बांधली ते गुंडी सांगत नाही. चल, ओढ." तेव्हापासून बतूल पाठ वळवून काम करते. सासरी तिने ते कधी कुणाला कळू दिलं नाही, आणि कळू न देण्याची इतकी सवय झाली होती की आपण लपवतो आहोत हेही तिच्या लक्षात राहिलं नव्हतं. शामाला डावाच हात उरला आहे हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी तिला, दुःखाच्या खाली कुठेतरी, लाज वाटावी असा एक आनंद झाला होता, की हिची बाही तरी कुणी शिवणार नाही. आणि शिवली गेलीच होती की! या वेळी सुईदोऱ्याचीही गरज पडली नव्हती.

बुधवारी ती शामाला घेऊन नुझाकडे गेली. नुझा म्हणजे दवाखान्यातली, मुलांना बटणं लावायला, तोंड धुवायला, बूट चढवायला शिकवणारी बाई. अंगाने दांडगी, बोलायला फटकळ. तिचे दोनच नियम होते. पहिला, कुठलंही काम शेवटून शिकवायचं. मोजा शिकवायचा तर तो टाचेपर्यंत आपण चढवायचा आणि शेवटचा एक ओढा मुलाला द्यायचा, म्हणजे संपवल्याचा आनंद त्याच्या पदरात पडतो. मग त्याआधीची पायरी, मग तिच्याही आधीची. दुसरा नियम आईसाठी होता, मूल धडपडत असताना आईने स्वतःचे हात मांडीखाली घेऊन बसायचं. बतूलने सगळं सांगितलं. वाडगा, परात, मागे सरणारे हात, सगळं. आणि शेवटी म्हणाली, "आता तुम्हीच माझ्या सासूला समजवा."

"सासू सोड. शेवटून शिकवलंस ना धुवायला?"

"हो. पाणी बंद करण्यापासून."

"पाणी बंद झालं. मग?"

"मग काय? झालं."

"मग हात कोण धुतं तिचा?"

"मीच," बतूल म्हणाली. "एका हाताने तोच हात कसा धुणार ती? साबण धरेल तर घासेल कशाने?"

"म्हणजे शेवटची पायरी तू शिकवलीच नाहीस," नुझा म्हणाली. "सगळ्यात आधी शिकवायची ती. शाळेत तू नसशील तेव्हा ही पोर तशीच डबा उघडणार. तुझी म्हातारी बोलली वेडंवाकडं, पण तिला भीती वाटतेय ती काही खोटी नाही."

परतताना ट्राममध्ये बतूलला नुझाचा मनस्वी राग आला होता, आणि सासूचा, आणि दार उघडलं की आत शिरणाऱ्या समुद्राच्या दमट हवेचाही. राग ओसरायला तिसऱ्या थांब्यापर्यंत वेळ लागला. मग तिला वाटलं, बरं झालं. मागे सरणारे हात हा जगाचा प्रश्न होता, तो तिला सुटणारा नव्हता. एका हाताने तोच हात धुणं हे काम होतं, आणि काम म्हटलं की बतूलला धीर येई.

तिने साबण जाळीत घालून नळाला टांगला. तो हलत राहिला, शामाच्या हातातून निसटून भिंतीवर आपटत राहिला. तिने भांड्याचा ब्रश बेसिनला बांधला. शामा म्हणाली टोचतंय, आणि तिचं खरं होतं. बतूल हटली नाही. गुरुवारी ती शामाला घेऊन हमामात गेली, आणि गरम फरशीवर बसून बायकांकडे बघता बघता तिला ते दिसलं. एक लठ्ठ बाई केस्सा घालून शेजारणीची पाठ घासत होती. केस्सा म्हणजे तो अंग घासायचा खरखरीत हातमोजा, ज्याला बोटं नसतात, नुसती पिशवी असते. बतूल जन्मभर तो वापरत आली होती. त्या पिशवीत बाईचा पंजा उघडा आहे की मिटलेला, ते कुणालाही कळलं नसतं. आणि पाठ घासली जात होती ती बोटांनी नाही, खांद्याने. तिने शामाच्या उजव्या खांद्याकडे पाहिलं. मूठ उघडत नव्हती, पण खांदा हलत होता. बतूल वाफेत एकटीच हसली, तशी शेजारची म्हणाली, "काय गं, नवरा आठवला का?" "नाही हो," बतूल म्हणाली, "त्याच्याहून कामाचं काहीतरी."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती जुना केस्सा कापायला बसली, दिवाणखान्यातच, लाल्ला रकियांच्या समोर. त्या शेंगा सोलत होत्या. बतूलने कात्री डाव्या हातात घेतली आणि पाठ वळवली नाही. मुद्दामच वळवली नाही. कात्री चालत राहिली, शेंगा फुटायचा आवाज मात्र थांबला.

"तू डाव्या हाताने कापतेस?"

"हो, लाल्ला. शिवतेही डाव्याने. पहिल्यापासून."

"नऊ वर्षं झाली तुझ्या लग्नाला."

"झाली."

"कणीक कुठल्या हाताने मळतेस?"

"दोन्ही," बतूल म्हणाली. "पण जोर डाव्याचा."

लाल्ला रकियांनी तिच्या हातातल्या कात्रीकडे पाहिलं. नऊ वर्षांचे पाव त्यांच्या डोळ्यांपुढून जात असावेत. मग त्यांनी पुढची शेंग उचलली. "पाव बरे होतात तुझे," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजावरून ही कबुली आहे की तक्रार, ते काही बतूलला कळलं नाही.

शामाच्या मुठीपुरता छोटा मोजा तयार झाला, मनगटाशी लवचीक पट्टी, आत मुठीला अस्तर. मग सुरू झाले ते आठवडे. शेवटून सुरुवात. पहिले चार दिवस बतूल शामाचा डावा हात धुऊन द्यायची आणि शामाने तो फक्त टॉवेलवर पुसायचा. मग पाण्याखाली धरून फेस घालवायचा आणि पुसायचा. मग घासायचं आलं, आणि तिथे गाडी अडली. मोज्यातली मूठ डाव्या हाताकडे यायची, निसटायची, पोटावर आपटायची. बतूल टबाच्या काठावर बसून दोन्ही हात मांडीखाली दाबून धरायची. मांड्यांना बोटांचे वळ उठायचे. एकदा अर्धा तास गेला, पाणी गार झालं, शामा चिडून मोजा दाताने ओढून काढायला लागली आणि बतूलचे हात जवळजवळ सुटलेच. आपणच धुऊन टाकावा, दोन मिनिटांचं काम, असं तिला इतकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. तिने हात सोडले नाहीत. शाळेच्या पायरीवर एकटी उभी असलेली शामा तिने डोळ्यांपुढे आणली, आणि बसून राहिली. दुसऱ्या दिवशी शामाने तिची तिनेच युक्ती काढली. मोज्याची मूठ तिने पोटाशी घट्ट धरून ठेवली, हलवलीच नाही, आणि डावा हात तिच्यावर घासला. तळवा, मग पाठ, मग बोटं एकेक करून मुठीच्या कडेवरून. बतूलने नुझाला फोन करून विचारलं, हे चालेल का? नुझा म्हणाली, "कोण कुणाला घासतंय याच्याशी मळाला काय देणंघेणं? चालेल काय, पळेल."

या सगळ्या दिवसांत शुक्रवार येत होते आणि निळा वाडगा येत होता. शामा तोंड उघडायची, बतूल चमच्याने भरवायची. न्हाणीघरात मात्र हात धुणं जमल्यावर शामाने एक दिवस आपणहून संडासाचं दार आतून लोटून घेतलं आणि कुणाला हाक मारली नाही. आतून पाण्याचा आवाज आला, मग साबणाचा डबा पडल्याचा, मग पुन्हा पाण्याचा. बतूल दिवाणखान्यात धावत गेली नाही. ती दाराबाहेर ओठ चावत उभी राहिली, आणि ही बातमी तिने कुणालाही दिली नाही.

शाळा उघडायच्या आधीचा शेवटचा शुक्रवार. परात आली, वाडगा आला, शामाच्या जागेपुढे रिकामा ठेवला गेला. मग तस्त आलं. या घरात जेवणाआधी हात धुवायला कुणी उठून जात नाही. पितळी तस्त आणि लांब तोटीची झारी प्रत्येकापुढे फिरते, प्रत्येकाने उजवा हात पुढे करायचा. आज झारी लाल्ला रकियांकडे होती. त्यांनी द्रिसच्या हातावर पाणी घातलं, अब्दनबीच्या घातलं, बतूलच्या घातलं, आणि तस्त उचलून परत न्यायला लागल्या.

"हन्ना, मला पण," शामा आजीला म्हणाली.

तिने बतूलकडे मोजा मागितला नाही. तो तिच्या खिशातच होता. तो तिने दातांनी आणि डाव्या हाताने उजव्या मुठीवर चढवला, पट्टी दोनदा निसटली, तिसऱ्यांदा बसली. बतूलचे हात केव्हा मांडीखाली गेले ते तिलाही कळलं नाही. लाल्ला रकिया झारी घेऊन उभ्याच होत्या. "घाल ना पाणी," शामा म्हणाली. पाणी पडलं. तिने तस्तातला साबण लावला, मोज्याची मूठ पोटाशी धरली आणि डावा हात घासायला लागली. तळवा. हाताची पाठ. अंगठा. मग एकेक बोट, बोटांच्या बेचक्या, नखं. कुसकुसवरची वाफ विरली. अब्दनबीने घसा खाकरला, तेव्हा द्रिस, जो आईपुढे कधी बोलत नाही, तो त्याच्याकडे न बघता म्हणाला, "थांब जरा. पोरगी हात धुतेय." तस्तात फेस साचला. शामाने हात झारीखाली धरला, उलटा केला, सुलटा केला, फेस सगळा जाईपर्यंत तिथेच ठेवला आणि आजीच्या खांद्यावरच्या टॉवेलला पुसला.

मग तिने वर पाहिलं. "आता तुझा," ती म्हणाली.

"माझा मी धुतलाय, बाळा."

"मी धुते. दे."

लाल्ला रकियांनी झारी बतूलकडे दिली, खाली बसल्या आणि उजवा हात पुढे केला. बतूलने पाणी घातलं. शामाने मोज्याची मूठ आजीच्या हातावर ठेवली आणि या वेळी ती पोटाशी धरली नाही. खांद्यातून जोर लावून फिरवली, वेडीवाकडी, पण फिरवली. सहा वर्षं जी मूठ त्या बोटांनी चोळली होती, ती आज त्या बोटांना चोळत होती. "झाला," शामा म्हणाली. "आता दुसरा."

"दुसरा नसतो धुवायचा. एकच."

"दे ना, हन्ना. मला तर दुसराच आहे."

बतूलने झारी तशीच तिरपी धरून ठेवली होती, पाणी तस्तात नुसतंच पडत होतं. लाल्ला रकियांनी डावा हात मांडीवरून उचलला. सुरकुतलेला, करंगळीजवळ भाजल्याचा जुना डाग असलेला हात. शामा तो नीट बघत बघत घासत होती, काही घाई नव्हती तिला. हात धुऊन झाला. मोजा काढून शामा परातीपुढे बसली, तिच्या समोर तो रिकामा वाडगा होता, आणि तिने कुणाकडेच पाहिलं नाही, फक्त वाट पाहिली.

लाल्ला रकिया वाकल्या, डाव्या हाताने, अजून ओल्या असलेल्या त्याच हाताने त्यांनी वाडगा उचलला आणि आपल्या पाठीमागे ठेवून दिला. "बिस्मिल्ला करा," त्या म्हणाल्या. "गार झालं सगळं."